डावा बूट

स्प्रिंग क्रीक, नेब्रास्का
८ सप्टेंबर १९८७

प्रिय लॉरेल,

तुला कॉलेजात सोडून आल्यापासून तुझी आजी रोज जेवताना एक ताट जास्त मांडते आणि मग माझ्यावरच चिडते. फोन करणार नाही. फोनवर मला अर्धं ऐकू येत नाही आणि उरलेलं अर्धं ती हिसकावून घेते. तेव्हा पत्रच बरं. पत्राला कान लागत नाहीत.

अभ्यासाबद्दल मी काही विचारणार नाही. तो तू करशीलच, आईवर गेली आहेस. मला सांग, सामन्यांचं काय? शनिवारी आपल्या मैदानावर जाऊन बसल्याशिवाय कुणी मॅकिन्टायर कॉलेजचा होत नाही. वाघ, सिंह, गरुड इतर कॉलेजांनी आधीच पळवले होते, म्हणून आपल्या टीमच्या वाट्याला मस्करॅट आला. पाणथळीतला उंदीर! पण उंदीर तर उंदीर, आपला आहे. माझ्या वेळी विद्यार्थ्यांच्या स्टँडमध्ये मुंगीला शिरायला जागा नसायची. ओरडून ओरडून सोमवारपर्यंत कुणाच्या घशातून आवाज फुटायचा नाही.

तेव्हा प्रत्येक सामन्याची हकीकत मला हवी. स्कोअर रेडिओवर कळतो. मला स्टँडमधलं सांग.

तुझा,
आजोबा

ता. क. आजी म्हणते, लोकरीचे मोजे कपाटात खालच्या कप्प्यात आहेत. तू शोधले नसणार हे तिला माहीत आहे.


ऑल्डर ग्रोव्ह
२० सप्टेंबर

प्रिय आजोबा,

मोजे सापडले. आजीला सांगा की मी आधीच शोधले होते. (नव्हते.)

काल सामना झाला. हरलो, ते तुम्ही ऐकलंच असेल. पण स्टँडमध्ये काय धमाल होती म्हणून सांगू! सगळीकडे आपल्या कॉलेजचे नारिंगी आणि तपकिरी रंग. बँडवाल्यांनी तर कान किटवले. माझी खोलीतली मैत्रीण ट्रूडी ओमाहा शहरातली आहे, तिला कशाचंच कौतुक नसतं, पण तीसुद्धा ओरडत होती. माझा घसा इतका बसलाय की आज सकाळी नाश्त्याला मला बोट दाखवून अंडी मागावी लागली.

म्हणजे सगळं तुमच्या वेळेसारखंच आहे, काळजी करू नका.

तुमची,
लॉरेल


स्प्रिंग क्रीक
२५ सप्टेंबर

प्रिय लॉरेल,

शाब्बास! तुझं पत्र मी धान्याच्या कोठारापाशी उभ्या उभ्याच वाचलं आणि नंतर शेजारच्या गसला वाचून दाखवलं. त्याचा नातू मोठ्या विद्यापीठात आहे, तिकडे लाखभर लोक सामन्याला येतात, त्याची फुशारकी तो बारा महिने मारत असतो. आज त्याची बोलती बंद.

पण एक तू लिहिलंच नाहीस. डाव्या बुटांचं काय? अजून करतात का?

तुला सांगितलं नव्हतं का कधी? ऐक. माझ्या वेळी बर्टेल लिंड नावाचा एक आडदांड गडी होता आपल्या टीममध्ये. ब्रॅडॉक कॉलेजशी सामना, वरून धो धो पाऊस, मैदानाची नुसती रबडी झालेली. हाफटाइमला निम्मं स्टँड घरी पळालं. आणि शेवटी शेवटी बॉल हातात घेऊन धावताना लिंडचा डावा बूट चिखलात रुतून बसला. थांबला नाही पठ्ठ्या. मोज्यावरच शेवटच्या रेषेपार धावला आणि टचडाउन! जिंकलो. जे पळाले होते त्यांना पुढे वर्षभर तोंड लपवायची वेळ आली.

तेव्हापासून पहिला क्वार्टर, म्हणजे पाव सामना संपला की स्टँडमधल्या प्रत्येकानं डावा बूट काढायचा आणि शेजाऱ्याकडे द्यायचा. त्यानं पुढच्याकडे. असे सगळे बूट रांगेच्या टोकाला जमा होतात आणि सामना संपेपर्यंत तिथेच राहतात. ज्याला आधी घरी जायचंय त्यानं एका पायानं लंगडी घालत जावं! शेवटी बूट परत येतात तेव्हा सगळे मिळून एकदाच ओरडतात, “लिंड!”

आता बहुतेक बंद झालं असेल. हल्लीच्या मुलांना कशाचं काय.

आजोबा


ऑल्डर ग्रोव्ह
४ ऑक्टोबर

प्रिय आजोबा,

हल्लीच्या मुलांना असं बोलायचं काम नाही! अजून करतात की! मागच्या पत्रात लिहायचं राहिलं एवढंच.

कालही केलं. पहिला क्वार्टर संपला आणि सगळ्यांनी खाली वाकून नाड्या सोडल्या. माझा बूट रांगेच्या टोकाला गेला तो परत आला तेव्हा आत कुणीतरी भुईमुगाची टरफलं टाकली होती. ट्रूडीला तर दुसऱ्याच कुणाचा तरी बूट मिळाला आणि तिला तो जास्त आवडला. “लिंड!” म्हणून ओरडलो तेव्हा समोरच्या टीमचे लोक घाबरून वर बघायला लागले. काल पुन्हा हरलो, पण त्याचं काय एवढं.

तुमची,
हल्लीची मुलगी लॉरेल


स्प्रिंग क्रीक
८ ऑक्टोबर

प्रिय लॉरेल,

पत्र मिळालं. दोनदा वाचलं.

डावाच बूट ना? आणि शेवटी लिंडचंच नाव घेतात?

चोवीस तारखेला होमकमिंगचा सामना आहे, जुन्या विद्यार्थ्यांना बोलावतात तो. मी येतोय. गाडी मीच चालवणार. तुझी आई म्हणते की माझी नजर आता रस्त्याला पुरत नाही, नाताळनंतर किल्ली तिच्या हवाली करायची. तिचं बरोबर असेल. म्हणून म्हटलं, त्याआधी हे एकदा डोळ्यांनी बघून यावं.

माझं तिकीट माजी विद्यार्थ्यांच्या गादीवाल्या खुर्च्यांचं काढू नकोस. मला विद्यार्थ्यांच्या स्टँडमध्ये, तुझ्या रांगेत बसायचंय. बुटांना तेल लावून ठेवलंय.

आजोबा


ऑल्डर ग्रोव्ह
११ ऑक्टोबर

प्रिय आजी,

हे पत्र एकटीनं वाच. आजोबा कोठाराकडे गेल्यावर.

आजी, मी मेले. मी फक्त एकाच सामन्याला गेले होते, तेही हाफटाइमपर्यंत. पाऊस भुरभुरत होता, आम्ही हरत होतो आणि आख्ख्या स्टँडमध्ये आमच्यापेक्षा कबुतरं जास्त होती. ट्रूडी म्हणाली, “मी इथे गारठून मरायला कॉलेजात आलेले नाही.” मग आम्ही उठून कॅफेत गेलो आणि राजमा-खिम्याची गरम गरम चिली खाल्ली, सोबत दालचिनीचा रोल. सगळेच हाफटाइमला तिथे जातात. स्टँडपेक्षा कॅफेत गर्दी असते. पण आजोबांनी इतक्या हौसेनं विचारलं होतं की मला खरं लिहवेना.

आणि मग ते बूट! मला वाटलं, असेल काहीतरी, मी अर्धा सामना बघितला म्हणून मला दिसलं नसेल. ठोकून दिलं. नंतर चौकशी केली तर कुणालाच माहीत नाही. फाटकावरच्या माणसाला नाही, बँडमास्तरांना नाही. लायब्ररीतली जुनी वार्षिकं चाळली, त्यातही नाही. प्रथा केव्हाच मरून गेली असणार, आणि मी तिला पत्रातच जिवंत करून बसले.

आता ते एवढी गाडी हाकत येणार, शेवटचीच, आणि रिकाम्या स्टँडमध्ये बसून डावा बूट काढणार. आजूबाजूला कबुतरं. त्यांचा तेव्हाचा चेहरा मला नाही बघवणार, आजी. आधीच सांगून टाकू का? तूच सांग.

तुझी,
खोटारडी लॉरेल


स्प्रिंग क्रीक
१४ ऑक्टोबर

लॉरेल बाळ,

पत्र चुलीत घातलं. त्यावर आज ब्रेड भाजला.

मला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही. एवढं सांगते की तुझे आजोबा येणार म्हणजे येणार. गेले चार दिवस हा माणूस शिळेवर गाणी वाजवत गुरांना चारा घालतोय. त्यांना आता “नाही” म्हणायची माझ्यात हिंमत नाही, तुझ्यात असेल तर तू म्हण.

पण मला एक विचारायचंय. तुमच्या त्या कॉलेजात इतकी पोरं आहेत, प्रत्येकाला डावा पाय आहे. मग अडचण कसली आहे?

तुम्हा दोघांच्या मध्ये मी पडणार नाही. एवढ्या वर्षांत शिकलेय ते. मांस-कोबी भरलेले बन पाठवतेय, ट्रूडीलाही दे. ती अंगानं बारीक दिसते फोटोत.

आजी


ऑल्डर ग्रोव्ह
२२ ऑक्टोबर

प्रिय आजी,

बन खोलीपर्यंत पोचलेच नाहीत, जिन्यातच संपले. आणि त्याचाच उपयोग झाला! ज्यानं बन खाल्ला त्याला मी बुटांची गोष्ट सांगितली. आधी ट्रूडीला सांगितली होती. ती म्हणाली, “ऑक्टोबरात? मोज्यावर? त्या पत्र्याच्या बाकांवर? तुझ्या आजोबांचं डोकं ठिकाणावर आहे ना?” आणि मग जरा वेळानं म्हणाली, “माझे मोजे फाटकेत. चांगले घ्यावे लागतील.” तेव्हाच मी समजले की जमणार.

आजी, फुटबॉलसाठी इथलं पोरगं खुर्चीतून हलत नाही, पण येडेपणा म्हटला की सगळे एका पायावर तयार! कॉलेजच्या साप्ताहिकात ट्रूडीनं मोठा मथळा दिला: “आपली विसरलेली परंपरा.” बँडमास्तर म्हणाले, बूट पुढे सरकत असताना मी नुसता ढोल वाजवत ठेवतो, हळू, पाऊल पडल्यासारखा. मुलांच्या वसतिगृहात तर कुणाच्या मोज्याला भोक नाही याची पैज लागलीय.

आणि गंमत ऐक. साप्ताहिक माजी विद्यार्थ्यांनाही जातं. त्यांची पत्रं यायला लागली! एक गृहस्थ लिहितात, “डोळ्यांत पाणी आलं, पण आमच्या वेळी बूट उजवा होता, कृपया दुरुस्ती करावी.” दुसरे म्हणतात, उजवा म्हणणारा माणूस सामन्यांना येतच नव्हता. एक बाई म्हणतात, मुली बुटाऐवजी हातमोजा द्यायच्या, तशी रीतच होती. आता दोन्ही पक्ष होमकमिंगला येऊन समोरासमोर निकाल लावणार आहेत. म्हणजे बघ, आजोबांचं खरंच होतं! लायब्ररीलाच माहीत नव्हतं.

फक्त बर्टेल लिंड कुणाला आठवत नाही. पण नाव घ्यायला सगळे तयार आहेत.

मला अजून धाकधूक आहे. शनिवारी पाऊस आला तर? सगळे नुसतं बोलून ऐन वेळी कॅफेत गेले तर?

लॉरेल


ऑल्डर ग्रोव्ह
२६ ऑक्टोबर

प्रिय आजोबा,

नीट पोचलात, आजीचा फोन आला होता. एका पायात तुमचा बूट आणि दुसऱ्यात ढिगाऱ्यातून चुकून आलेला तो लाल कॅनव्हासचा बूट घालून तुम्ही पेट्रोल भरायला उतरलात तेव्हा पंपावरच्या माणसाचं तोंड बघायला मी हवी होते.

शनिवारची सारखी आठवण येतेय. तुम्ही म्हणाला होतात तसंच झालं ना? मुंगीला जागा नव्हती. आणि पहिला क्वार्टर संपून तो ढोल सुरू झाला आणि सगळे एकदम खाली वाकले, तेव्हा मला तर रडूच फुटलं. तुमच्या नाडीची गाठ सुटत नव्हती. मी हात पुढे केला तर तुम्ही झटकलात. “माझं मी करतो.” मग तुमचा तो तेल लावलेला बूट हातोहात पुढे गेला आणि प्रत्येक जण म्हणत होता, “जपून, आजोबांचा आहे!”

हरलो, नेहमीसारखेच. पण एकही माणूस उठला नाही. उठणार कसा! कॅफेवाली बाई आज माझ्याशी बोलत नाहीये, तिची चिली तशीच उरली. आणि शेवटी “लिंड!” म्हणून सगळं मैदान ओरडलं तेव्हा ब्रॅडॉकवाले जिंकूनसुद्धा गप्प झाले. त्यानंतरचा बुटांचा ढिगारा! माजी विद्यार्थ्यांत अजून भांडण चालू आहे. उजवावाले आपापले उजवे बूट घेऊन वेगळे बसले होते.

आजोबा, तुमचा बूट सापडला. बँडमध्ये ट्यूबा वाजवणारा मुलगा तो घालून रविवारी चर्चला गेला होता. त्याला वाटलं, आपलाच आहे, फक्त अचानक आरामदायक झालाय. पुसून माझ्या खिडकीत ठेवलाय. पार्सलनं पाठवते.

आणखी एक. मला तुम्हाला बुटांबद्दल काहीतरी सांगायचंय. शनिवारीच सांगणार होते. पण आपण मैदानावर पोचलो तेव्हा तुम्ही विचारलंत, “विद्यार्थ्यांचं स्टँड कुठल्या बाजूला?” मला वाटलं, विसरला असाल. मग कॉलेजचं गाणं लागलं तेव्हा तुम्ही नुसते ओठ हलवत होतात. आणि ऊन कलल्यावर सगळे खेळ बघत असताना तुम्ही मागे वळून त्या जुन्या डेअरीच्या इमारतीकडे बघत राहिलात. मी विचारलं, काय झालं? तुम्ही म्हणालात, “काही नाही. दूध काढायची वेळ झाली.”

त्यामुळे मग मी गप्पच बसले. पण सांगायचंय.

तुमची,
लॉरेल


स्प्रिंग क्रीक
३० ऑक्टोबर

लॉरेल बाळ,

हे पत्र तू एकटीनं वाच. ट्रूडीनं वाचलं तरी चालेल.

मी मध्ये पडणार नाही म्हणाले होते. आता जरा पडते.

तुझे आजोबा त्या कॉलेजात दोन वर्षं होते आणि दोन्ही वर्षं कॉलेजच्याच गोठ्यात काम करून शिकले. शनिवारी दुपारी बाकी पोरं मैदानावर जायची आणि हे गायींखाली बसायचे. गायीला सामना कळत नाही ना. भिंतीपलीकडून आरडाओरडा ऐकू यायचा, त्यावरून कोण जिंकतंय ते ओळखायचे. एकही सामना त्यांनी पाहिलेला नाही. हे मला लग्नाच्या आधीपासून माहीत आहे. त्यांना मात्र वाटतं की मी विसरले.

बर्टेल लिंड नावाची आमच्याकडे एक गाय होती. म्हणजे लिंड नावाची. हट्टी होती, चिखलात पाय रुतला तरी थांबायची नाही. बाकी गोष्ट त्यांनी तुझ्या आईला झोपवताना रचली. ती काही झोपत नसे, म्हणून दर रात्री थोडी थोडी वाढत गेली. बुटांचं त्या वेळचंच.

तुला त्यांनी पत्रात विचारलं ते एवढ्याचसाठी की तू लिहावंस, नाही आजोबा, आता कुणी करत नाही. मग ते आठवडाभर नव्या पिढीला नावं ठेवत सुखानं हिंडले असते. त्याऐवजी तू लिहिलंस, करतात की! पत्र हातात घेऊन हा माणूस स्वयंपाकघरात मटकन खाली बसला. म्हणाले, “इंगा, ते खरंच करतात म्हणे. म्हणजे मी कुठेतरी ऐकलंच असणार तेव्हा. भिंतीपलीकडून.” मी म्हटलं, असेल.

शनिवारी रात्री आले ते लाल बुटानिशी. मला म्हणाले, “बाहेरून ऐकायचो त्यापेक्षा आतून जास्त मोठा आवाज येतो.” एवढंच. मग भिंतीकडे तोंड करून झोपले, पण झोपले नव्हते.

तू काय कबूल करायचं ते कर. मला फक्त वाटलं, तुला आधी माहीत असावं.

आजी


स्प्रिंग क्रीक
२ नोव्हेंबर

प्रिय लॉरेल,

तुझ्या आजीनं तुला पत्र लिहिलंय हे मला कळलंय. पोस्टात जायचं असलं की ती टोपी घालते, एरवी घालत नाही.

तुला बुटांबद्दल काहीतरी सांगायचंय म्हणतेस. सांगू नकोस. मलाही तुला काहीतरी सांगायचं होतं, तेही आता राहू दे. तुझं मला कळलंय असं समज आणि माझं तुला. एवढ्या लोकांनी थंडीत पाय गारठवून घेतले, आता आपण दोघांनी मध्येच उठून “खोटं होतं” म्हणायचं, हे काही बरं नाही. आणि खरं सांगायचं तर मला आता ते खोटं वाटतही नाही. मी बसलो होतो ना तिथे? माझा बूट गेला ना हातोहात? मग झालं तर.

त्या उजव्या बूटवाल्यांना मात्र सांग की डावाच होता. याबाबतीत मी एक पाऊलही मागे घेणार नाही. दुसऱ्या कुणाहीपेक्षा मला जास्त माहीत आहे.

गसला सगळं सांगितलं. तो म्हणतो, लाखभर लोक असून त्यांच्याकडे असलं काही नाही. मी म्हटलं, नसणारच. आणि त्याच्यासमोरून लाल बूट घालून चालत गेलो. हा बूट छान आहे, कोठारात घसरत नाही. त्या ट्यूबावाल्या पोराला सांग, सांभाळून वापरतोय.

तुझ्या आईचा काल किल्लीबद्दल फोन आला होता. मी म्हटलं, नजरेचं तुझं बरोबर आहे. पुढच्या वर्षी होमकमिंगला तूच गाडी चालव, मी शेजारी बसेन, पण जायचं म्हणजे जायचं. ती म्हणाली, कशाला? मी म्हटलं, माझी एक वस्तू राहिलीय तिकडे.

तेव्हा बूट पार्सलनं पाठवू नकोस. खिडकीतच राहू दे. मी येतो न्यायला.

तुझा,
आजोबा